इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी : सभासदत्वाचे लाभ

गणिताला वाहिलेली अखिल भारतीय संस्था. स्थापना ४ एप्रिल १९०७. आरंभीचे नाव ‘ॲनॅलिटिक क्लब’, लवकरच ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ आणि १९१० पासून आजचे. संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर त्या वेळी मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर होते.

संस्था निघाली ती एका रोकड्या अडचणीतून. गणिताची परदेशी नियतकालिके एकट्याला परवडत नसत आणि बहुतेक महाविद्यालयांत ती येतही नसत. तेव्हा वर्गणी काढून ती मागवायची, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवायची आणि तिथून टपालाने गावोगावच्या सभासदांकडे फिरवायची, अशी व्यवस्था झाली. ग्रंथालयाची जबाबदारी प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांनी घेतली. सभासदत्वाचा पहिला लाभ हा असा वाचनालयाच्या वर्गणीसारखा होता.

१९०९ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. त्यातल्या प्रश्नांच्या सदरात कोणीही प्रश्न घालावा, दुसऱ्याने तो सोडवावा. श्रीनिवास रामानुजन यांचे प्रश्न आणि बर्नुली संख्या (गणितात ठिकठिकाणी येणारी अपूर्णांकांची एक माला) यांवरील त्यांचा पहिला लेख १९११ मध्ये इथेच छापले गेले. लेखाची मांडणी इतकी त्रोटक होती की संपादक एम. टी. नारायणअय्यंगार यांनी तो एकाहून अधिक वेळा सुधारायला परत पाठवला. एकट्याने वह्या भरणाऱ्याला असा वाचक घरबसल्या भेटत नाही.

तरी सर्वांत मोठा लाभ ओळखीपाळखीचा म्हणावा लागेल, आणि नियमावलीत तो सहसा लिहिलेला नसतो. रामानुजन कारकुनी मागायला रामस्वामी अय्यरांकडे गेले, तेव्हा त्यांची गणिताची वही पाहून अय्यरांनी नोकरीऐवजी मद्रासच्या गणितज्ञांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या. पुढे आर. रामचंद्र राव यांनी पैशाची मदत केली. तेही कलेक्टर आणि संस्थेचेच पदाधिकारी. मद्रास बंदराचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टमध्ये रामानुजन यांचे वरिष्ठ असलेले एस. नारायण अय्यर संस्थेचे खजिनदार होते. केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना १९१३ मध्ये रामानुजन यांचे पत्र गेले, त्याआधीच ही माणसे उभी होती.

आज नियतकालिके संगणकावर वाचता येतात, त्यामुळे टपालाने फिरणाऱ्या अंकांची गरज उरलेली नाही. संस्थेचे जर्नल, १९३३ पासूनचे ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ आणि वार्षिक अधिवेशन मात्र चालू आहे. लहान गावातल्या महाविद्यालयात एकट्याने संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाला आपल्याच शाखेतली माणसे समोरासमोर भेटतात ती बहुधा अशा अधिवेशनातच.