कार्यकठिनीकरण

कार्यकठिनीकरण : न तापवलेला धातू ठोकला, लाटला, वाकवला किंवा ओढला की त्याचा आकार कायमचा बदलतो आणि पुढच्या बदलाला तो आधीपेक्षा जास्त विरोध करू लागतो. या गुणाला कार्यकठिनीकरण किंवा विकृति-कठिनीकरण म्हणतात. ‘शीतकर्म’ हे प्रक्रियेचे नाव, ‘कठिनीकरण’ हे तिच्या परिणामाचे. पाठ्यपुस्तकांत या संज्ञांची सरमिसळ होते, ती टाळावी. ‘शीत’ हा शब्दही सापेक्ष आहे. शिशाची पुनःस्फटिकीभवनाची (विकृत कणांच्या जागी नवे कण उगवण्याची) क्रिया खोलीच्या तापमानालाच घडते, त्यामुळे ते कितीही ठोकले तरी मऊच राहते. उलट एक हजार अंश सेल्सिअसला केलेले टंगस्टनचे काम शीतकर्मातच मोडते, कारण त्याची ही क्रिया त्याहून वरच्या तापमानाला घडते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा गुण रोज हाताळला जातो तो हुपरीच्या चांदीकामात. जंतराच्या (तार ओढण्याच्या भोकांच्या पट्टीच्या) एकाहून एक लहान भोकांतून तार ओढत नेतात. पहिल्या ओढींनंतर ती बोटाभोवती सहज गुंडाळता येते. पुढे वाकवून सोडली की उसळी घेते, आणि तरीही ओढत राहिले तर तुटते. त्याआधीच तिला ताव द्यावा लागतो, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करावे लागते. २ मिमी.ची तार १ मिमी. केली की छेदाचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते आणि लांबी चौपट होते. कोल्हापुरी साजाच्या पानांसाठी पातळ पत्रा ठशावर उठवतात. तिथेही कडक झालेला पत्रा काठाला चिरतो. तांबट भांडे मठारतात ते केवळ चकाकीसाठी नव्हे. त्या ठोक्यांनी पातळ पत्र्याला ताठपणा येतो. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या कांस्यवस्तूंचा या संदर्भात कधी कधी दाखला दिला जातो. पण त्यांतील प्रसिद्ध पोसायडनची (ग्रीक समुद्रदेवाची) मूर्ती ओतीव आहे आणि सामान्यतः रोमन जगातून आलेली, इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची मानली जाते. स्थानिक ठोककामाचा पुरावा म्हणून ती उपयोगाची नाही.

कारणमीमांसा : धातू कडक का होतो, यावर बराच वाद झाला. सरकत्या थरांमध्ये धातूचे अस्फटिकी द्रव्य तयार होते आणि ते गोंदासारखे घट्ट धरते, हे बेल्बी यांचे मत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होते. आता ते मागे पडले आहे. १९२६ मध्ये फ्रेंकेल यांनी गणिताने दाखवले की अणूंचा सबंध थर एकदम सरकवायचा तर लागणारे प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरील बल) कर्तन मापांकाच्या (थर सरकवण्याला धातू किती ताठपणे विरोध करतो त्याच्या मापाच्या) सुमारे एक षष्ठांश असावे. प्रत्यक्षात शुद्ध स्फटिक त्याच्या हजाराव्या हिश्श्यालाही नमतात. ही तफावत १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सोडवली : थर एकदम सरकत नाही, स्फटिकरचनेतील रेषारूप दोष, म्हणजे स्थानभ्रंश, एका टोकाकडून दुसरीकडे जातो.

काम करताना हे दोष संपत नाहीत, उलट वाढतात. त्यांच्या वाढीची एक यंत्रणा फ्रँक व रीड यांनी १९५० मध्ये मांडली. ताव दिलेल्या धातूत दर चौरस सेंमी.मागे ते साधारण दहा लाख ते दहा कोटी असतात, जबर शीतकर्मानंतर एक लाख कोटीपर्यंत जातात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत चिंचोळ्या वाटेवर सासनकाठ्या एकमेकींना अडाव्यात, तसे ते एकमेकांना अडवतात. (उपमा अपुरी आहे, काठ्या गर्दीत आपोआप वाढत नाहीत.) प्रतिबलातील वाढ दोषांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते : घनता शंभरपट, तर वाढ दहापट. अडथळा नेमका कोणता, यावर दोन पक्ष आहेत. झेगर व त्यांचे अनुयायी एकाच प्रतलावर (सरकण्याच्या सपाट थरावर) तुंबलेल्या दोषांच्या ओळींवर भर देतात. बासिन्स्की व हर्श यांच्या मते प्रतल छेदून जाणाऱ्या दोषांचे ‘रान’ निर्णायक असते. १९५६ नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले गुंते दुसऱ्या पक्षाला अधिक जवळचे वाटतात.

खर्चलेल्या कार्यापैकी थोडाच भाग धातूत साठतो, बाकीची उष्णता होते. तार जंतरातून गरम निघते त्यात घर्षणाबरोबर हाही वाटा असतो. तावात साठलेली ऊर्जा सुटते आणि नवे, दोषविरळ कण उगवतात.

कोल्हापुरातील उद्यमनगरच्या लेथवर हाच गुण त्रासदायक ठरतो. बोथट ड्रिल स्टेनलेस स्टीलवर कापण्याऐवजी घासत राहिले की भोकाचा तळ चकचकीत होतो आणि मग नवे ड्रिलही त्यावर फिरत राहते. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधील करड्या ओतीव लोखंडात मात्र ग्रॅफाइटच्या चकत्यांमुळे ताणाखाली आकार बदलण्याला वावच नसतो. ते आधी तडकते.

खडी क्रशरच्या जबड्यांना लागणारे मँगॅनीज पोलाद हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधले. त्यात मँगॅनीज सुमारे १२ टक्के व कार्बन १.२ टक्के असतो. ब्रिनेल मापावर सुमारे २०० असलेली त्याची कठिनता आघातांनी ५०० च्या आसपास चढते. आघात नसेल, नुसती घासणी असेल, तर ते निमूट झिजते. ही वाढ मार्टेन्साइट (पोलादाचे एक अतिकठीण रूप) बनल्याने होते असे पूर्वी मानत. आता जुळे-स्फटिक (एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखी रचना असलेले स्फटिकाचे भाग) व कार्बनशी अडखळणारे स्थानभ्रंश ही कारणे अधिक ग्राह्य धरतात.

बहुवारिकांत (पॉलिमरांत, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थांत) कारण निराळे आहे. इचलकरंजीच्या मागांवर चढणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याला त्याच्या निर्मितीच्या वेळीच ताणून मजबूत केलेले असते. त्यातील लांब रेणू ताणाच्या दिशेने रांगेत येतात. ताणलेल्या नैसर्गिक रबरात तात्पुरते स्फटिकही बनतात आणि ताण सोडताच विरतात.