पातळी जुळली, पण गाळाचं काय?

सांगलीत पूर आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कृष्णेचं संगणकीय मॉडेलही बहुधा याच पातळीवर तपासलं जातं, आणि ती जुळवणं फारसं अवघड नसतं. पात्राचा खडबडीतपणा दाखवणारा मॅनिंगचा गुणांक मोकळ्या पात्रात ०.०३ च्या आसपास असतो, मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या, उभ्या उसात बराच जास्त. तो थोडा खालीवर केला की पातळी बसते. काटछेद, म्हणजे पात्राच्या आडव्या कापाची मोजमापं, जुने असले तरी बसते, हीच गोम आहे.

गाळ अशी सवलत देत नाही. वाळूची वाहतूक वेगाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या घातानं वाढते. चौथा घात धरला, तर वेगातली १० टक्के चूक वाळूत ४६ टक्के होते.

कोणता कण हलेल, हे तळावरच्या ताणावरून ठरतं. पाण्याची खोली ५ मीटर आणि उतार ५ किलोमीटरला १ मीटर धरा. ताण येतो सुमारे १० पास्कल. एक मिलिमीटरची वाळू हलायला १ पास्कलही लागत नाही, दोन सेंटिमीटरच्या गोट्याला मात्र १५ लागतात. म्हणजे वाळू निघून जाते, गोटे मागे राहतात आणि खालच्या वाळूवर कवच धरतात. संपूर्ण तळाला एकच सरासरी कणमाप दिलं, तर हे कवच मॉडेलला दिसतच नाही आणि खोदाई भलतीच निघते.

तळाची उंची बदलते ती साध्या जमाखर्चानं. १ किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद पट्ट्यात दिवसाला ६०० घनमीटर कण जास्त आले, तर कणांमधल्या सुमारे ४० टक्के पोकळीसह १,००० घनमीटर थर बसतो: तळ १ सेंटिमीटर वर.

मॉडेल सांगलीतच संपवणं ही नेहमीची चूक. खालच्या टोकाला दिलेल्या चुकीच्या पातळीचा परिणाम प्रवाहाच्या वरच्या दिशेला साधारण खोली भागिले उतार इतक्या अंतरापर्यंत पोचतो. १० मीटर खोलीला, आधी धरलेल्याच उतारावर, ५० किलोमीटर. म्हणून हरिपूरचा वारणा संगम आणि नृसिंहवाडीचा पंचगंगा संगम ओलांडून बरंच खाली जावं लागतं. वरच्या टोकाला, कोयना धरणाच्या पायथ्याशी, येणारी वाळू जवळपास शून्य द्यायची. ती जलाशयातच अडते.

आणि कोल्हापुरी बंधारे. पावसाळ्याआधी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात. मॉडेलमध्ये ते वर्षभर बसलेले राहिले, तर वरचा डोह कागदावर गाळानं भरतो, नदीत तसं काही झालेलं नसतं.