वीज गेल्यावर टाकीतली हवा

हवेचा पंप थांबला तरी पहिला तासभर टाकीत काहीच घडत नाही. मासे नेहमीसारखे फिरत असतात, एखादा काचेपाशी येऊन आपल्याकडे बघतोही. मग हळूहळू ते वर सरकतात आणि पृष्ठभागाला तोंड टेकवून उघडझाप करू लागतात. आपल्याला वाटतं, भूक लागली असेल. खरं तर पाण्याचा सगळ्यात वरचा पातळ थर हवेला लागून असतो आणि त्यातच थोडाफार ऑक्सिजन उरलेला असतो. ते तोच ओढत असतात. ही वेळ रात्री तीनची असेल तर बघायला कुणी जागं नसतं. म्हणून पर्यायी हवेची सोय करायची तर ती आपोआप सुरू होणारी हवी, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आता थोडा हिशेब. समुद्रसपाटीला, २५ अंश सेल्सिअस तापमानाचं गोडं पाणी लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळवून ठेवतं. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत झाला ८३० मिलिग्रॅम. अख्ख्या टाकीत एक ग्रॅमही नाही! एवढा ऑक्सिजन साध्या तीन लिटर हवेत असतो. समजा, सगळ्या माशांचं मिळून वजन २०० ग्रॅम आहे आणि किलोमागे तासाला २५० मिलिग्रॅम असा ढोबळ खप आहे. मग तासाला ५० मिलिग्रॅम लागतील. ऑक्सिजन लिटरमागे ३ मिलिग्रॅमवर आला की बऱ्याच माशांचे हाल सुरू होतात. तिथवर उतरायला ५३० मिलिग्रॅम खर्ची पडायला हवेत, म्हणजे साडेदहा तास हाताशी आहेत.

पण हा हिशेब फक्त माशांचा झाला. टाकीत जिवाणूही राहतात. माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया ते नायट्रेटमध्ये बदलतात आणि अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन वापरतात. तळाला साचलेला गाळ कुजताना आपला वाटा घेतो. दिवसा ऑक्सिजन देणारी पाणवनस्पती अंधार पडला की स्वतःच तो घेऊ लागते. त्यात उष्णता दोन्ही बाजूंनी मारते. २० अंशांना पाण्यात ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. आणि तेवढ्याच फरकाने माशांची गरज जवळजवळ दुप्पट होते. जमेच्या बाजूला पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन आपसूक आत येत राहतो, पण दाटीवाटीच्या टाकीत साडेदहाचे तीन-चार तास व्हायला वेळ लागत नाही.

मग पंप नेमकं काय करतो? बुडबुड्यांतून ऑक्सिजन पाण्यात जातो हे खरं, पण आपल्याला वाटतं तितका नाही. एक मिलिलिटर हवेचा एकच बुडबुडा केला तर त्याचं पृष्ठफळ पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तीच हवा एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर सुमारे १,९०० बुडबुडे होतात आणि पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटरवर जातं. एअर स्टोनच्या, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडाच्या, बारीक छिद्रांचं महत्त्व ते हेच. तरीही ४० सेंटिमीटर पाणी चढायला बुडबुड्याला दोनेक सेकंद लागतात. एवढ्यात तो देऊन देऊन किती देणार? त्याचं मोठं काम हमालीचं आहे. वर जाताना तो तळाचं पाणी सोबत ओढून नेतो आणि पृष्ठभाग ढवळतो. स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे न ढवळलेल्या टाकीत वरचा थर तृप्त आणि खालचा उपाशी अशी स्थिती येते. घरातल्या टाकीतला ऑक्सिजन मुख्यतः येतो तो या हलत्या पृष्ठभागातून.

यातून एक दिलासा मिळतो: पर्यायी सोय फार दणकट लागत नाही. दिवे, मोठा फिल्टर, हीटर यांना वीज गेल्यावर विसरा. शंभर लिटर पाणी तसं सावकाशच थंड होतं. एका बारीक धारेने बुडबुडे सोडणारा एक-दोन वॉटचा पंप बहुतेक टाक्यांना पुरतो.

अनेकांना आधी संगणकाचा यूपीएस आठवतो. मला तो या कामाला पटत नाही. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॉट-तासांची, पण बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करण्यात यूपीएस स्वतःच पंपाच्या कितीतरी पट खातो. तीन वॉटच्या पंपासाठी दहा-पंधरा वॉट जाळणं म्हणजे पाकीट पोचवायला मालगाडी काढणं. शिवाय काही यूपीएस इतका कमी भार दिसला की 'काहीच जोडलेलं नाही' असं समजून बंद होतात.

पॉवर बँक आणि यूएसबीवर चालणारा पंप ही जोडी सुटसुटीत. १०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक म्हणजे ३७ वॉट-तास, वाटेतली घट धरून तीसेक. दीड वॉटचा पंप त्यावर वीस तास चालावा. माझा पहिला पंप मात्र इतका काटकसरी निघाला की बँकेला वाटलं, फोन भरला! तिने अर्ध्या मिनिटात वीज तोडली. घेण्याआधी हे तपासून बघा.

मला सगळ्यात आवडते ती रिलेची जुनी युक्ती. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच. १२ व्होल्टचा एक छोटा अ‍ॅडॉप्टर घरच्या विजेवर लावायचा आणि त्यावर रिलेची कॉइल जोडायची. वीज आहे तोवर चुंबक पट्टी ओढून धरतो. वीज गेली की स्प्रिंग पट्टी मागे खेचते आणि वीज असताना उघडा राहणारा दुसरा संपर्क जुळतो. बॅटरीपासून १२ व्होल्टच्या डीसी पंपाकडे जाणारी तार याच संपर्कातून न्यायची. सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही, विजेचं नसणं हाच स्विच. वर म्हटलेल्या ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीतली अर्धीच वीज वापरायची म्हटली तरी दोन वॉटचा पंप एकवीस तास चालतो. बॅटरीला कायम जोडलेला, १३.५ ते १३.८ व्होल्टवर राखणारा चार्जर हवा. नुसती पडून राहिलेली शिसे-आम्लाची बॅटरी आपोआप उतरते आणि खराब होते. धन टोकाला अगदी जवळ दोन अँपिअरचा फ्यूज घालायचा, कॉइलवर एक उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग). आणि पाण्याशेजारी घरच्या विजेच्या उघड्या तारांना हात घालायचा नाही. अ‍ॅडॉप्टर आणि चार्जर तयार, बंद डबीतलेच घ्यावेत.

नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व हवाच. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर तो थांबल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन जमिनीवर सांडू शकतं.

एअर स्टोनऐवजी त्या नळीला स्पंज फिल्टर जोडला तर अधिक बरं, कारण हवेसोबत स्पंजातले जिवाणूही तगतात. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये उलटं घडतं. आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्याबरोबर ते कुजकं पाणी थेट माशांच्या अंगावर येतं. वीज बराच वेळ गेलेली असेल तर तो आधी धुऊन घ्या. तोवर खाणंही घालू नका. पचवायलाही ऑक्सिजन लागतो.

बेट्टा आणि गुरामी या माशांना या सगळ्याची चिंता कमी, ते वर येऊन सरळ हवाच घेतात. गोल्डफिशची तऱ्हा आणखी न्यारी: थंड पाण्यात ऑक्सिजन संपला तर तो शरीरात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. उबदार टाकीत मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

सगळं जोडून झाल्यावर मी एका सुट्टीच्या सकाळी अ‍ॅडॉप्टर उपटला. रिले 'टक्' वाजली, पंप थरथरला, बुडबुडा एकही नाही. राखीव म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या एअर स्टोनच्या छिद्रांत क्षार घट्ट बसले होते. आता तिथे स्पंज फिल्टर आहे. तो कायम टाकीतच असतो आणि दर रविवारी दहा मिनिटं बॅटरीवर चालतो.