पॅच बे आला टेलिफोनमधून, पण घरी येताना एक तार वाटेत गळाली

पॅच बे (सगळ्या यंत्रांच्या जोडण्या एकाच जागी बदलायची सोय) म्हटलं की मोठ्या स्टुडिओतली ती भोकाभोकांची पट्टी आणि लोंबणाऱ्या रंगीत वायरी आठवतात, पण ही वस्तू मुळात संगीतासाठी बनलेलीच नाही. २८ जानेवारी १८७८ ला अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, जॉर्ज कॉयने त्याचा बोर्ड (एकाची लाइन दुसऱ्याला जोडायची फळी, पॅच बेचा पूर्वज) बग्गीचे बोल्ट आणि बायकांच्या झग्याला फुगवटा देणाऱ्या तारा वापरून जमवला होता, गिऱ्हाईकं सगळी मिळून २१. त्यात प्लग नव्हता अजून. तो थोड्या काळाने आला, चार्ल्स स्क्रिब्नरने एक स्विच काढला जो दिसायला घडीच्या चाकूसारखा होता, इंग्रजीत जॅकनाइफ, आणि तिथून 'जॅक' हे नाव जे चिकटलं ते आजतागायत. गिटारला आपण जो पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचा प्लग खुपसतो तो त्याच घराण्यातला. टिप, रिंग, स्लीव्ह ही नावंही तिथलीच. (रिंग म्हणजे फोनची घंटी नव्हे हां, प्लगवरचं कडं. मला स्वतःला हे बऱ्याच उशिरा कळलं.)

आता लांब केबलची भानगड, तीसुद्धा टेलिफोनवाल्यांनी आधी भोगलेली आहे. सुरुवातीच्या लाइनी एकाच तारेवर चालायच्या, परतीचा रस्ता जमिनीतून, तारयंत्रासारखा. मग शहरांत विजेच्या ट्राम आणि दिवे आले आणि फोनवर बोलण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायला लागली. उपाय म्हणून परतीसाठी दुसरी तार टाकली, आणि १८८१ मध्ये ग्रॅहम बेलने दोन तारा एकमेकींभोवती पिळायचं पेटंट घेतलं. पिळल्यामुळे बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि पलीकडच्या टोकाला फक्त दोघींतला फरक उचलला की सारखा असलेला त्रास आपोआप वजा होतो. बॅलन्स्ड केबल म्हणतात ती हीच, बाकी काही जादू नाही.

१९२० च्या दशकात रेडिओ आला तेव्हा स्टेशनांना आवाज लांब न्यायला टेलिफोनच्याच लाइनी होत्या, त्यामुळे जॅक, पट्ट्या, ६०० ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) हिशोब सगळं तयार मिळालं आणि रेडिओतून ते रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलं. ६०० ओमवर १ मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आजचा डीबीयू (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) याच आकड्यावर उभा आहे. तेव्हा देणारा ६०० आणि घेणारा पण ६०० असं जुळवायला लागायचं, एका आउटपुटला दोन इनपुट लावले की आवाज पडायचा. आता तसं नसतं, आउटपुट साधारण शंभर-दीडशे ओमचं आणि इनपुट १० हजार किंवा वर, म्हणून एक आउटपुट दोन ठिकाणी खुशाल वाटता येतं. हाफ-नॉर्मल पॅच बे (वरचं आणि खालचं भोक आतून आधीच जोडलेलं असतं असा) याच जोरावर चालतो: वरच्या ओळीत प्लग घातला तरी आतलं कनेक्शन तुटत नाही, सिग्नलची एक प्रत फक्त बाहेर येते, खालच्या ओळीत घातला की मात्र तुटतं. उलटं, म्हणजे दोन आउटपुट एका इनपुटवर, ते करू नका, त्यासाठी मिक्सर असतो.

घरात हे सगळं शिरलं १९७० च्या दशकात, आधी चार ट्रॅकची (चार आवाज वेगवेगळे टेप करणारी) रीळवाली मशीनं, मग १९७९ ला टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ जो साध्या कॅसेटवर चार ट्रॅक करायचा. आणि माझ्या मते खरा घोळ इथेच झाला. स्वस्तात बनवायचं म्हणून या सामानाने टेलिफोनवाल्यांची दुसरी तार काढून टाकली, सगळं अनबॅलन्स्ड, लेव्हल पण -१० डीबीव्ही (हेही ताकदीचंच एकक, पण वेगळ्या शून्यापासून मोजलेलं), स्टुडिओच्या +४ डीबीयूपेक्षा जवळपास १२ डीबी खाली. एका टेबलावर सगळं मावत होतं तोवर चाललं. मग १९९२ ला एडॅट आलं, आठ ट्रॅकचं मशीन, तीन जोडली की २४ जाणाऱ्या आणि २४ येणाऱ्या केबली, आता रॅकच्या मागे हात घालून प्लग बदलायला कोणाला वेळ आहे, पॅच बे घ्यावाच लागला. केबली लांबल्या, गुणगुण सुरू झाली आणि लोक दोष द्यायला लागले पॅच बेला!

लांबीने नक्की काय बिघडतं ते एकदा गणित करून बघा. साध्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (तारांमध्ये वीज साठून राहायची क्षमता) धरला तर ३० मीटरला ३ नॅनोफॅरड. मागे १५० ओमचं आउटपुट असेल तर वरचा आवाज ३५० किलोहर्ट्झच्या आसपास कापला जातो, म्हणजे कानाला शून्य फरक. तीच केबल १० हजार ओमच्या सोर्सला लावली तर ५ किलोहर्ट्झच्या थोडं वर कापायला सुरुवात, झाली गोधडी, म्हणजे आवाज दबका. गिटारचा पिकअप या दुसऱ्या जातीचा, म्हणून गिटार लांब न्यायची तर आधी डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब केबलला चालेल असा करून देणारी डबी), मग हवी तेवढी केबल टाका.

आता बऱ्याच जणांकडे एक इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) आणि दोन प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे) एवढंच असतं, त्यांना पॅच बेची गरज नाही असं मी सरळ सांगतो, प्रत्येक जॅक म्हणजे काळं पडणारं एक जादा कॉन्टॅक्ट. बाहेरचे कॉम्प्रेसर, सिंथ, इफेक्ट खूप असतील तरच घ्या. आणि माइकच्या लाइनी शक्यतो त्यातून नेऊ नका. १९६६ ला न्यूमनने ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकला चालवणारी वीज, माइकच्या त्याच दोन तारांवरून पाठवला, पण टेलिफोनचा प्लग आत सरकताना टिप आधी दुसऱ्याच कॉन्टॅक्टवर घासते, क्षणभर शॉर्ट होतं, आणि जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) लावलेला असेल तर त्याची पट्टी जाऊ शकते. न्यायच्याच असतील तर फँटम बंद करा, थोडं थांबा, मग प्लग हलवा.