मुराबहा

मुराबहा : इस्लामी बँकांमध्ये रूढ असलेला विक्रीचा करार. अरबीत ‘रिब्ह’ म्हणजे नफा. त्यावरून हे नाव पडले. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात (आयत 275) व्यापार वैध आणि ‘रिबा’ निषिद्ध ठरवला आहे. रिबा म्हणजे कर्जाऊ पैशावरची वाढ, असा अर्थ बहुतेक धर्मशास्त्री घेतात. म्हणून या बँकांना व्याजाने पैसा देता येत नाही. वस्तू विकून नफा मात्र घेता येतो.

समजा, एखाद्याला 10 लाखांचा ट्रॅक्टर हवा आहे. बँक तो आधी स्वतः विकत घेते, आपली खरेदी किंमत ग्राहकाला उघड सांगते आणि नफा धरून, समजा 12 लाखांना, हप्त्यांनी विकते. ठरलेली किंमत पुढे वाढत नाही. हप्ता थकल्यास दंड लावला, तरी ती रक्कम बँकेला उत्पन्नात धरता येत नाही. ती धर्मादाय कामाला जाते.

जुन्या इस्लामी कायद्यात मुराबहा ही साधी विक्री होती. बाजारभाव न जाणणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेता आपली मूळ खरेदी प्रामाणिकपणे सांगे, एवढाच तिचा विशेष. तिला बँकेच्या उपयोगाचे रूप 1970च्या दशकात जॉर्डनचे सामी हसन हमूद यांनी दिले. नफ्यातोट्याच्या भागीदारीपेक्षा (मुदारबा, मुशारका) ती बँकांना सोयीची वाटली आणि झपाट्याने पसरली.

कराराचा जीव मधल्या टप्प्यात आहे. खरेदी झाल्यापासून ग्राहकाला विक्री होईपर्यंत माल बँकेच्या मालकीचा असतो. तेवढ्यात तो जळाला, बुडाला, तर नुकसान बँकेचे. नफ्याचा हक्क या जोखमीतून येतो. ग्राहकालाच प्रतिनिधी नेमून दोन्ही व्यवहार काही मिनिटांत कागदावर उरकले, की ही जोखीम नावापुरती राहते आणि व्याजाशी असलेला फरकही पुसला जातो. टीकाकारांचा हा आक्षेप रास्त आहे. माल उधारीवर घेऊन लगेच रोखीने विकण्याच्या, बँकेनेच जुळवून दिलेल्या ‘तवर्रुक’ व्यवहाराला आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने 2009 मध्ये शारजा येथे अमान्य ठरवले.

घरासाठी मुराबहा केली, तर एकाच घराची दोनदा (आधी बँकेला, मग ग्राहकाला) विक्री होत असल्याने मुद्रांक शुल्कही दोनदा पडे. ब्रिटनने 2003 मध्ये ही अडचण दूर केली. भारतात बँकिंग नियमन अधिनियम, 1949 च्या कलम 8 नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. त्यामुळे इथे मुराबहा पहिल्याच पायरीवर अडते. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगला वाट करून देण्याची शिफारस केली होती. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले.