कागद गिरणीचे सांडपाणी : निर्मिती, प्रक्रिया आणि विद्यार्थी संशोधन

लाकूड, उसाचा चोथा, पेंढा किंवा रद्दी यांचा लगदा करताना, तो धुताना, पांढरा करताना आणि शेवटी यंत्रावर त्याचा कागद काढताना जे पाणी वापरून बाहेर पडते ते कागद गिरणीचे सांडपाणी. त्यात सुटे तंतू, लिग्निनचे (लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या पदार्थाचे) अवशेष, लाकडातील राळेची आम्ले, सोडियमचे क्षार, स्टार्च, चिनी माती किंवा चुनखडीची भुकटी आणि विरंजनातून आलेली क्लोरिनयुक्त संयुगे असू शकतात. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रकल्पविषय आहे. पाणी गडद तपकिरी असते, प्रयोगानंतर फिके झाले की डोळ्यांना लगेच दिसते आणि लागणाऱ्या बहुतेक चाचण्या साध्या प्रयोगशाळेत होतात. मात्र शेवटच्या नाल्यावर कॅन भरून आणला की संशोधन सुरू झाले, असे मानणारे प्रकल्पच जास्त. त्या कॅनमध्ये काय असणार हे कितीतरी आधी, लाकूड शिजवण्याच्या पात्रात आणि लगदा धुण्याच्या ड्रमवर ठरून गेलेले असते.

लगदा

लाकडात साधारणपणे ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० ते ३० टक्के लिग्निन असते. कागदाला सेल्युलोजचे तंतू हवे असतात. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे लिग्निन किती काढायचे, यावर लगद्याचा दर्जा आणि सांडपाण्याचा बोजा दोन्ही अवलंबून असतात. यांत्रिक पद्धतीत लाकूड दगडावर किंवा पोलादी तबकड्यांमध्ये दळतात. जर्मनीत फ्रीड्रिख गोटलोब केलर याने १८४४ च्या सुमारास ही दळण्याची पद्धत काढली. तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक लाकूड कागदात उतरते, त्यामुळे पाण्यात कमी जाते. पण लिग्निन तंतूंतच राहिल्याने असा कागद उन्हात पिवळा पडतो.

रासायनिक पद्धतीत हिशेब उलटा होतो. आज सर्वाधिक चालणारी क्राफ्ट पद्धत कार्ल दाल याने १८७९ मध्ये डान्झिग येथे शोधली. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाचे तुकडे दाबाखाली १६० ते १७० अंश सेल्सियसला काही तास शिजवतात. लगदा मजबूत होतो, पण मूळ लाकडाच्या जेमतेम निम्माच हाती लागतो. उरलेले निम्मे लाकूड, म्हणजे जवळजवळ सगळे लिग्निन आणि बरेचसे हेमिसेल्युलोज, अल्कलीत विरघळून काळ्या द्रवात जाते. गिरणीत त्याला ब्लॅक लिकर म्हणतात.

हा द्रव गिरणीचे इंधनही आहे. धुलाईतून येताना त्यात सुमारे १५ टक्के घन पदार्थ असतात. बाष्पित्रांतून तो ६५ ते ८० टक्क्यांपर्यंत आटवून विशेष बॉयलरमध्ये फवारतात. लिग्निन जळून वाफ आणि वीज मिळते, तळाशी सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फाइड यांचा तापलेला रस जमतो. तो पाण्यात विरघळवून चुन्याबरोबर ढवळला की कॉस्टिक सोडा परत मिळतो, आणि खाली बसलेला चुनखडीचा चिखल भट्टीत भाजला की चुनाही परत मिळतो. जी. एच. टॉमलिन्सन याने १९३० च्या दशकात हा बॉयलर विकसित केल्यानंतर क्राफ्ट पद्धतीचे अर्थकारण बदलले. चांगल्या चाललेल्या गिरणीत शिजवण्याची ९५ टक्क्यांहून अधिक रसायने पुन्हा वापरात येतात. (बॉयलरच्या नळीला गळती लागून पाणी तळाच्या तप्त रसावर पडले तर भयंकर स्फोट होतो, त्यामुळे या विभागातले लोक पाण्याच्या एका थेंबालाही बिचकून असतात.)

म्हणजे नाल्यातील तपकिरी रंग हा मुख्यतः पुनर्प्राप्तीच्या चक्रातून निसटलेला ब्लॅक लिकर असतो. लगदा धुताना किती सोडा परत आला नाही, याला गिरणीत ‘सोडा लॉस’ म्हणतात आणि तो लगद्याच्या टनामागे किलोत मोजतात. धुलाईचा एखादा ड्रम नीट चालत नसेल तर सांडपाणी केंद्रात कितीही रसायने ओतली तरी ती तूट भरून निघत नाही.

पेंढ्यावर चालणाऱ्या गिरण्यांची अडचण इथेच आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार असते. ती अल्कलीत विरघळते, द्रव आटवताना घट्ट होतो, बाष्पित्राच्या नळ्यांना काचेसारखा थर चढतो आणि चुन्याच्या चिखलातही ती जाऊन बसते. त्यातच गिरणी लहान असली की पुनर्प्राप्तीचा बॉयलर परवडत नाही. अशा गिरण्यांचा ब्लॅक लिकर थेट पाण्यात जाण्याचा इतिहास बऱ्याच देशांत आहे.

क्राफ्ट गिरणीचा वास हा आणखी एक न टळणारा भाग. हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड आणि डायमिथाइल डायसल्फाइड ही वायुरूप संयुगे अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात, म्हणून वायू गोळा करून जाळल्यानंतरही तक्रारी पूर्णपणे थांबत नाहीत.

विरंजन

शिजवलेल्या लगद्यात उरलेले लिग्निन काढून तो पांढरा करणे म्हणजे विरंजन. उरलेले लिग्निन कापा अंकाने मोजतात : १ ग्रॅम कोरड्या लगद्याला ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेटचे किती मिलिलिटर लागतात तो हा अंक. त्याला ०.१५ ने गुणले की लिग्निनची अंदाजी टक्केवारी मिळते. विरंजनाला जाणाऱ्या लगद्याचा कापा अंक ३० असेल तर त्यात सुमारे साडेचार टक्के लिग्निन आहे, आणि तेवढे सगळे विरंजनाच्या पाण्यात उतरणार आहे. विरंजनाच्या क्लोरिनयुक्त रसायनांतून आलेल्या क्लोराइडमुळे हे पाणी बॉयलरला चालत नाही, म्हणून ते नाल्यात जाते. विरंजनाआधी ऑक्सिजन आणि अल्कलीने प्रक्रिया करून कापा अंक जवळपास निम्म्यावर आणला, तर त्या टप्प्याची धुलाई बॉयलरकडे वळवता येते. सांडपाण्याचे काम असे लगदा विभागातच हलके होते.

पूर्वी विरंजन मूलद्रव्य क्लोरिनने होई. १९८० च्या दशकाच्या मध्यात अशा गिरण्यांच्या सांडपाण्यात, गाळात आणि नदीतील माशांत डायॉक्सिन ही अतिविषारी क्लोरिनयुक्त संयुगे सापडली आणि या उद्योगाची दिशाच बदलली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये हवा आणि पाणी यांचे एकत्रित नियम लागू केले. आता बहुतेक विरंजन क्लोरिन डायॉक्साइडने होते. काही गिरण्या ऑक्सिजन, ओझोन आणि पेरॉक्साइड एवढ्यावरच भागवतात.

क्लोरिनचा एक आनुषंगिक दुष्परिणाम आणखी जुना आहे. कॅनडातील ड्रायडन येथे लगदा गिरणीसाठी पाऱ्याच्या विद्युतघटांत क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा तयार करणाऱ्या संयंत्रातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा इंग्लिश-वॅबिगून नदीत गेला. खालच्या अंगाला मासे खाऊन राहणाऱ्या ग्रासी नॅरोज येथील मूलनिवासी समाजाला त्याची विषबाधा झाली. कागदाच्या एकाही तंतूशी या पाऱ्याचा संबंध नव्हता.

कागद यंत्र

यंत्राच्या तोंडाशी लगद्यात जेमतेम अर्धा ते एक टक्का तंतू असतात, बाकी पाणी. जाळीवर ते झिरपते, दाबरुळांखाली पिळून निघते आणि वाफेच्या सिलिंडरांवर वाळून कागदात ५ ते ८ टक्के ओल उरते. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ मध्ये अखंड पट्ट्याच्या या यंत्राचे एकस्व घेतले. पुढे इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधूंच्या पैशावर ब्रायन डॉन्किनने ते चालण्याजोगे केले. जाळीखालचे पांढरट पाणी गाळून पुन्हा वापरतात. पण चक्र फार बंद केले की स्टार्च आणि क्षार साठतात, बुळबुळीत चिकटा धरतो आणि कागदावर भोके पडू लागतात.

सांडपाण्यावरील प्रक्रिया

चाळणी, समीकरण टाकी (प्रवाह एकसारखा करणारी) आणि निवळणी टाकी यांतून तंतू आणि भरणद्रव्ये (चिनी माती, चुनखडी) खाली बसतात. नंतर मुख्य काम जिवाणूंचे. प्रवर्तित गाळ प्रक्रिया, म्हणजे हवा खेळवून वाढवलेल्या जिवाणूंच्या गाळाकडून पाणी शुद्ध करणे, अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे मांडली, तीच आजही बहुतेक ठिकाणी आहे. कागद गिरणीच्या पाण्यात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नगण्य. म्हणून बीओडी (सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण १०० : ५ : १ च्या आसपास राहील असा युरिया आणि फॉस्फोरिक आम्ल बाहेरून घालावे लागते. ही खुराक चुकली की तंतुमय जिवाणू माजतात, गाळ फुगतो आणि दुसऱ्या निवळणी टाकीच्या काठावरून वाहू लागतो. रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांचे पाणी स्टार्चमुळे दाट असते, तिथे आधी ऑक्सिजनविरहित रिॲक्टर लावून मिथेन मिळवतात. मात्र रद्दीतील चुनखडी आम्लात विरघळून येते आणि रिॲक्टरमधील जिवाणूंच्या गोळ्यांवर चुन्याचे कवच चढते.

बीओडी या मार्गाने ९० टक्क्यांहून अधिक उतरतो. सीओडी (तेच पदार्थ रसायनांनी ऑक्सिडीकृत करायला लागणारा ऑक्सिजन) तेवढा उतरत नाही आणि रंग जवळजवळ तसाच राहतो, कधी वाढतोही. कारण लिग्निनचे मोठे रेणू साध्या जिवाणूंना पचत नाहीत. तुरटी, फेरिक क्षार, ओझोन, गाळणपटले (मेम्ब्रेन), कार्बन ही तिसऱ्या टप्प्याची साधने त्यासाठी. अमेरिकेत फ्लोरिडातील इलेव्हनमाइल क्रीक या ओढ्यात, लगदा गिरणीच्या खालच्या बाजूला मादी गांबुसिया माशांना नराची लक्षणे आलेली १९८० मध्ये नोंदवली गेली. बीओडीच्या आकड्यात हे कुठेच दिसले नसते.

विद्यार्थ्यांचे प्रयोग

कागद काढण्याच्या बाजूला केळीचा सोप, जलपर्णी किंवा गवत शिजवून हाताने पत्रे काढण्याचे प्रकल्प लोकप्रिय आहेत. ते मोजून केले तरच उपयोगाचे. प्रमाणित पत्रा काढण्याच्या गोल साच्याचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असते, प्रति चौ. मी. ६० ग्रॅम वजनाच्या पत्र्याला त्यात नेमका १.२ ग्रॅम कोरडा लगदा लागतो. पत्रे २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून मगच ताण आणि फाटण्याची चाचणी घेतात, कारण दमट हवेत तोच कागद कमजोर ठरतो. लगद्याचा उतारा, कापा अंक आणि उरलेला अल्कली या तीन नोंदी नसतील तर कोणता तंतू चांगला याचे उत्तर मिळत नाही. उतारा वाढवणारी कमी शिजवण पुढे विरंजनाचा बोजा वाढवते, हेही झाकले जाते.

सांडपाण्याच्या बाजूला रंग घालवण्याचे प्रयोग सर्वाधिक. इथे एक साधी गोष्ट बरेच निष्कर्ष उलटवते : लिग्निनचा रंग सामूवर (पीएचवर) अवलंबून असतो. अल्कलीत तो गडद, आम्लात फिका. म्हणून नमुना गाळून, सामू ७.६ वर आणून ४६५ नॅनोमीटरला प्लॅटिनम-कोबाल्ट एककात मोजण्याची पद्धत आहे. तुरटी घातल्यावर सामू खाली येतो, रंग उतरतो, आणि सामू पूर्ववत न करता मोजले तर न झालेली सुधारणाही कागदावर येते.

फेंटन प्रयोगात, म्हणजे लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरताना, उरलेले पेरॉक्साइड सीओडी चाचणीत स्वतःच ऑक्सिजन मागते. दर मिलिग्रॅमला सुमारे ०.४७ मिलिग्रॅम एवढा खोटा सीओडी त्यातून दिसतो. पेरॉक्साइड आधी नष्ट केले नाही तर चांगली प्रक्रियाही फसल्यासारखी वाटते. खुद्द सीओडीची चाचणी पारा, चांदी आणि क्रोमियम असलेला कचरा मागे ठेवते. तो सिंकमध्ये ओतून नदी वाचवण्याचा अहवाल लिहिण्यात काही अर्थ नाही.

धोका खरा तो ब्लॅक लिकरला आम्ल घालण्यात आहे. लिग्निन खाली बसवण्यासाठी सामू २ ते ३ वर आणतात, आणि क्राफ्टच्या द्रवातील सल्फाइडचे त्या क्षणी हायड्रोजन सल्फाइड बनते. हा वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणेच थांबते. चालू फ्यूम हुडशिवाय (विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) हा प्रयोग करूच नये.

लाकडातील लिग्निन कुजवणाऱ्या श्वेतकुज बुरशीचे आकर्षणही जुने आहे. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम या बुरशीतील लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) १९८३ मध्ये सापडले, आणि फ्लास्कमध्ये ती काही दिवसांत रंग चांगलाच उतरवते. तिला मात्र ग्लुकोजसारखे वेगळे अन्न, सामू ४.५ च्या आसपास आणि निर्जंतुक वातावरण लागते. गिरणीचे पाणी कोमट, उदासीन आणि जिवाणूंनी भरलेले असते. निर्जंतुक न केलेल्या पाण्यात ती किती दिवस टिकते, हा आकडा अहवालात असेल तर बाकी तक्त्यांपेक्षा तो जास्त सांगतो.

गाळ

निवळणी टाकीच्या तळाला जे बसते ते पट्टादाब किंवा स्क्रूप्रेसमध्ये पिळून जाळतात, पुठ्ठ्यात मिसळतात, सिमेंट भट्टीला देतात किंवा पुरतात. पहिल्या टाकीचा गाळ तंतूंनी भरलेला आणि नायट्रोजनला गरीब, म्हणून एकटा नीट कुजत नाही. जैविक गाळात मिसळला की चालतो. विटांत घातला तर भट्टीत तंतू जळून छिद्रे राहतात : वीट हलकी होते, पण पाणी जास्त शोषते आणि दाबशक्ती घटते, त्यामुळे प्रमाण थोडेच ठेवावे लागते. रद्दीची शाई काढताना निघणाऱ्या गाळात त्या रद्दीत जे होते ते सगळे येते. १९५७ ते १९७१ या काळात कार्बनरहित नकलेच्या कागदात पीसीबी (सहज न कुजणारी विषारी क्लोरिनयुक्त रसायने) वापरले जात. तो कागद रद्दीत आला आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू नदीच्या तळाशी व काठच्या गाळखड्ड्यांत पीसीबी साठले. १९९० मध्ये त्या नदीचा समावेश सुपरफंड या केंद्रीय सफाई यादीत करावा लागला.