कोयनेच्या जुन्या टोपोशीटवरचं धरणाआधीचं खोरं

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेले उतार आणि ओढे पाहायचे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या एक इंची शीट्स हुडकाव्या लागतात. प्रत्येक शीटला क्रमांक असतो: पुणे शहर 47 एफ/14 वर येतं; कोयनेसाठी 47 जी मधल्या 9, 10, 11 आणि बामणोलीकडच्या काठासाठी 14. छपाईच्या सालावर जाऊ नका. धरणानंतर छापलेल्या शीटमागचं सर्वेक्षण कितीतरी जुनं असू शकतं. ते साल समासात वेगळं दिलेलं असतं.

एक इंचाला एक मैल म्हणजे 1:63,360. कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 63 मीटर भरतो, म्हणून स्कॅन 300 डीपीआयच्या खाली नको. तुकडे करून कापडावर चिकटवलेली घडीची शीट असेल तर प्रत्येक तुकडा अक्षांश-रेखांशांवर वेगळा बसवा. मधली दीड-दोन मिलिमीटरची फट तशीच राहिली, तर शंभरेक मीटरचा घोटाळा होतो.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट बसवताना नुसत्या चार कोपऱ्यांवर भागवू नका. पाच-पाच मिनिटांच्या अक्षांश-रेखांश रेषांचे 16 छेद धरा. आकडे एव्हरेस्ट लंबगोलावरचे, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरचे असतात, तेव्हा त्यावर आधारलेली कल्याणपूरची निर्देशांक प्रणाली निवडा. थेट डब्ल्यूजीएस 84, म्हणजे जीपीएसची आजची प्रणाली दिली, की अख्खं खोरं एकाच दिशेला शंभर मीटरहून जास्त सरकतं. बिंदूंवरून नकाशा बसवण्याच्या पद्धतींपैकी थिन प्लेट स्प्लाइनचा मोह टाळलेला बरा. तो कागद ताणून प्रत्येक बिंदूवर चूक शून्य करतो, आणि चुकून भलतीकडे टाकलेला बिंदूही त्यात लपून जातो. साध्या पहिल्या घाताच्या पॉलिनॉमियलमध्ये, जिथे कागद असा हवा तसा ताणला जात नाही, तो लगेच उघडा पडतो.

पडताळणीला खोऱ्याच्या तळातली गावं आणि संगम कामाचे नाहीत, ते बुडाले. वासोटा किल्ल्याचा माथा चालतो. पण खरी मोजपट्टी जलाशयच देतो. त्याची पूर्ण पातळी 2163 फूट. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षाचं पावसाळ्यानंतरचं उपग्रहचित्र घ्या. जुन्या नकाशावरची 2150 फुटांची समोच्च रेषा पाण्याच्या किंचित आत पडायला हवी. कड्याखाली हे 13 फूट जाणवतही नाहीत, सपाटीवर मात्र काठ बराच लांब जातो. रेषा सगळीकडे एकाच बाजूला सरकलेली दिसली तर प्रणाली चुकली आहे. कुठे आत, कुठे बाहेर अशी भरकटली, तर दोष बहुधा मूळ मोजणीचा: प्लेन टेबलवाल्याला, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर जागेवरच नकाशा काढणाऱ्या सर्वेक्षकाला, माथ्यावरून डोंगरसोंडा नीट दिसत, दाट झाडीखालची घळ मात्र त्याला अंदाजानेच काढावी लागे.